ईश्वरच्या ढोलकीचं पान

ईश्वर अमेरिकेत ॲन आर्बरला एका लॅबमध्ये नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी माझ्या भीमगीतांना ढोलकीची साथ द्यायचा. सत्त्याऐंशीच्या एप्रिलात जयंतीच्या कार्यक्रमासाठी आम्ही दोघं मायामीला गेलो. तिथल्या दमट उकाड्यात ढोलकीचं पान, म्हणजे तोंडावरचं कातडं, पार सैल पडलं. नागपूरला ऊन दाखवतात, तशी त्याने ती गाडीच्या मागच्या काचेपाशी ठेवली. भर बाजार, ही गर्दी. कुणी उचलून नेईल म्हणून काचा घट्ट लावायचा शहाणपणा माझा. मग आम्ही जेवायला गेलो.

तासाभराने दार उघडलं, तर भट्टीसारखी झळ अंगावर आली. पान मधोमध फाटलं होतं.

"दुसरं मढवून घेऊ यार," मी म्हणालो.

"हे बाबांनी मढवलं होतं," तो म्हणाला.

त्याचे बाबा जानेवारीत नागपूरला वारले, तेव्हा त्याला रजा मिळाली नव्हती.

संध्याकाळी मी साथीशिवाय गायलो. ईश्वर ढोलकी मांडीवर घेऊन शेजारीच बसला होता. फाटक्या पानावरचा हात त्याने शेवटपर्यंत उचलला नाही.