मामांची जवळची वाट

मामांच्या ओळखी अफाट. कुणाचंही नाव काढा, त्याच्या साडूचा शेजारी मामांचा वर्गमित्र निघायचा. या ओळखींनी आजवर कुणाचं दमडीचं काम झालं नव्हतं, पण तोरा काही उतरला नाही. भाचीच्या वडिलांची बदली रखडली तेव्हा मामा जेवता जेवता दोनच माणसांच्या ओळखीने थेट मोठ्या साहेबांपर्यंत पोचले होते. बदली झाली ती भलत्याच गावी.

हेच मामा पोटासाठी पेशीतल्या रसायनांचा नकाशा काढायचे. प्रयोगशाळेची अख्खी भिंत त्यांनी अडवली होती. प्रत्येक रसायनाला एक ठिपका, आणि जी रसायनं एका क्रियेत भाग घेतात त्यांच्यामध्ये रेघ. लांबून पाहिलं तर मांजराने लोकर विस्कटल्यासारखं दिसे.

भाची त्यांच्याच हाताखाली, जंतूंकडून पिवळा रंग बनवून घेण्यावर, डॉक्टरेट करत होती. तो आईचा हट्ट. "घरचा माणूस आहे, सांभाळून घेईल." मामांनी भिंतीवर बोट फिरवलं. "ही साखर, मग हा ठिपका, मग आपला पिवळा रंग. किती जवळ! जंतूंना साखर घाल आणि रंग गोळा कर."

भाचीने वर्षानुवर्षं साखर घातली. जंतू खाऊनपिऊन गलेलठ्ठ झाले आणि फ्लास्क गढूळच राहिला, पिवळेपणाचं नाव नाही. "तुझ्या हातालाच गुण नाही," मामा म्हणायचे, आणि तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मग एका दुपारी तिने मधला ठिपका कशाचा ते नीट वाचलं. पाण्याचा. साखरेच्या क्रियेत पाणी सुटत होतं, रंगाच्या क्रियेत पाणी लागत होतं, बस. साखरेचा कणसुद्धा रंगापर्यंत जात नव्हता. पाणी सगळ्यांनाच चिकटलेलं असतं, म्हणून वाट शोधताना ते आधी खोडायचं असतं. तिने खोडलं. खरी वाट लांबलचक निघाली, आणि मध्येच तुटलेली.

"मामा, एका नळावर पाणी भरलं म्हणून दोन घरं सोयरी होत नाहीत," ती म्हणाली.

"नकाशा मी काढलाय की तू?" मामा चहा ढवळत राहिले. "परीक्षक माझ्या ओळखीचे आहेत. गप्प बस, पार पडशील. प्रबंधावर माझी सही व्हायचीय अजून."

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलंच, "रंग का आला नाही?" पुढच्या रांगेतून मामांनी डोळे वटारले. हात कच्चा होता म्हटलं असतं तर निदान दयेने पदवी पदरात पडली असती. पण भाचीला त्या भिंतीचा संताप आला होता.

"वाटच नव्हती," ती म्हणाली. "नकाशात पाणी ठेवलं, ती चूक." आणि तिने पाणी खोडलेला नकाशा पडद्यावर दाखवला.

परीक्षक उठून पडद्याजवळ गेले. "उत्तम. हे कुणाच्या लक्षात आलं?"

भाचीने तोंड उघडायच्या आत मामा उभे होते. "मीच म्हटलं तिला, पाणी खोड. पोरगी मेहनती आहे, पण दिशा दाखवावी लागते." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर आईने भावाचा हात धरून डोळे पुसले. "मामाचे उपकार विसरू नकोस हं."

मामा खिशातलं पेन चाचपत भाचीकडे बघत होते. सही अजून व्हायची होती.

"नाही विसरणार," भाची म्हणाली.