पलीकडून कसं दिसेल?

माझ्या थोरल्या साडूंबरोबर खरेदीला गेलेला माणूस त्याच दिवशी ती वस्तू घेऊन घरी परतला, असं आजवर कधी घडलेलं नाही आणि यापुढेही घडायचं नाही. हे मी चिडून सांगत नाहीये. चिडायला अंगात जोर लागतो, आणि तो त्यांच्याबरोबर हिंडण्यात केव्हाच संपला. आम्ही दोघं एकाच घरचे जावई. ते मुलुंडला, मी घाटकोपरला. "येतोस का रे जरा, एक वस्तू बघायची आहे," असा त्यांचा फोन आला की मला साधी थापसुद्धा मारता येत नाही, कारण बायको मागून मोठ्यांदा "आहेत, आहेत, घरीच लोळतायत" असं सांगून मोकळी होते. भावोजींसारखा माणूस शोधून सापडायचा नाही, असं तिचं ठाम मत आहे. माझंही तेच आहे. मला फक्त दुपारी थोडं पडू द्या, एवढीच माझी मागणी असते आणि ती आजतागायत कुणी मान्य केलेली नाही.

साडूंना प्रत्येक वस्तूची मागची बाजू बघायची असते. शर्ट घ्यायचा झाला तर तो आधी उलटा करून शिवणी बघतील. कपाट भिंतीपासून ओढायला लावतील, घड्याळ खाली काढायला लावतील. माझ्या मुलीच्या लग्नात सगळे पाहुणे स्टेजसमोर उभे राहून सजावटीचं कौतुक करत होते, तेव्हा हे गृहस्थ स्टेजमागे जाऊन बांबू आणि सुतळ्या तपासत होते. आमच्या कुटुंबाच्या फोटोत त्यामुळे ते नाहीत. पडद्याच्या फटीतून त्यांचा चष्मा तेवढा दिसतो. व्याह्यांनी "हे कोण?" म्हणून विचारलं, तेव्हा मी "डेकोरेटरचा माणूस असेल" म्हणून वेळ मारून नेली. जोगेश्वरीला सोफा बघायला गेलो होतो, तेव्हा तर त्यांनी दुकानातल्या माणसांकडून अख्खा सोफा पालथा करून घेतला. खाली गोणपाट ठोकलेलं. दुकानदार म्हणाला, "अंकल, नीचे कौन देखता है?" साडू शांतपणे म्हणाले, "आमची केर काढणारी बाई बघते ना. रोज वाकते ती." सोफा तिथेच राहिला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "साडूभाऊ, तुम्हाला बसायला हवाय की बाईंना बघायला?" तर म्हणाले, "तू दमलायस. चल, चहा घेऊ." त्यांच्या प्रत्येक वादाचा शेवट असा चहात होतो आणि चहाच्या कपाचाही तळ ते आधी बघतात.

पण कुंपणाच्या वेळी माझी जी वाट लागली, तिच्यापुढे हे सगळं काहीच नाही. साडूंचं घर म्हणजे मुलुंडच्या जुन्या वस्तीतलं बैठं जोडघर. त्यांचे वडील कोकणातून गिरणीत आले, रात्रपाळ्या करून त्यांनी ही जागा घेतली आणि दोन मुलांसाठी एका छपराखाली दोन घरं बांधली. अंगण मात्र एकच. डावीकडे साडू, उजवीकडे त्यांचा धाकटा भाऊ बाळा. आता बाळा साठीचा झाला, बायको गेली, मुलगी लग्न होऊन बंगलोरला, तरी तो बाळाच. त्याचा दोन वेळचा डबा साडूंच्या घरून जायचा. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका सकाळी साडू मासळी घेऊन घरी आले, तर अंगणात दोन माणसं टेप धरून मापं घेत होती. बाळाने बिल्डरला परस्पर घर दाखवलं होतं. साडू त्याला एवढंच म्हणाले, "मला विचारायचं तरी होतंस." बाळा म्हणाला, "विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाला असतास ना!" हे दोन्ही खरं होतं, आणि म्हणूनच तिथून बोलणं बंद झालं.

बंद म्हणजे पक्कं बंद. अंगणात समोरासमोर आले तरी दोघंही पेरूच्या झाडाकडे बघत जायचे. झाडालाही लाज वाटायला लागली असेल. डबा मात्र चालू होता. तो माझी मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, पोचवायच्या, आणि रिकामा डबा घरात आला की साडू कुणाचं लक्ष नाही असं बघून त्याचं झाकण उघडायचे. भाजी उरलेली असली की ताईंना म्हणायचे, "मीठ जास्त झालं होतं का गं आज?" ताई म्हणायच्या, "जाऊन विचारा की." मग ते पेपर उघडायचे.

शेवटी एक दिवस फोन आला. "कुंपण घालायचंय. अंगणाच्या मधोमध, डोक्याच्या वर. त्याचं तोंड मला दिसता कामा नये." मी म्हटलं, "भिंतच घाला मग." म्हणाले, "भिंतीला पाया खणावा लागतो, पेरूची मुळं तुटतील." "पत्रे ठोका." "पत्रे ठोकले की बांधकामाची साइट वाटते. बिल्डरला आयता आनंद." म्हणून लाकडी. म्हणून मी.

पहिल्यांदा आम्ही घाटकोपरच्या एका लाकडाच्या वखारीत गेलो. मालकाने सरळ फळीला फळी भिडवून ठोकलेला नमुना दाखवला. सुईच्या टोकाएवढी फट नाही. मला वाटलं, देव पावला. पण साडू वळसा घालून मागे गेले. मागे आडव्या पट्ट्या, खिळ्यांची टोकं, कच्चं लाकूड. त्यांनी विचारलं, "ही बाजू कोणाकडे येणार?" मालक हसून म्हणाला, "सर, पैसा आपका, तो अच्छी साइड आपकी. पिछवाडा पडोसी देखेगा." साडूंचा चेहरा पडला. "पुन्हा येतो," म्हणून ते बाहेर पडले. मी विचारलं तर म्हणाले, "मागे आडव्या पट्ट्या आहेत. तो त्यांच्यावर टॉवेल वाळत घालेल." मी म्हटलं, "घालू दे की. तुम्हाला कुठे दिसणार आहे?" त्यावर त्यांनी मला रस्ता ओलांडायला हात धरून नेलं आणि विषय संपला.

त्यानंतर पवईला बागेचं सामान विकणाऱ्या एका वातानुकूलित दुकानात गेलो. तिथल्या मुलीने चौकटी-चौकटींची जाळी दाखवली, तिच्यावर वेली चढवा म्हणाली. साडू म्हणाले, "वेल चढेपर्यंत मी त्याचं तोंड बघत बसू?" आणि लगेच मागे जाऊन, "पलीकडून कसं दिसेल हे?" मग भांडुप. मग पुन्हा घाटकोपर, कारण पहिल्या वखारीत काहीतरी बघायचं राहिलं होतं. प्रत्येक ठिकाणी तोच वळसा आणि तोच प्रश्न. माझे गुडघे बोलायला लागले. एका टपरीवर चहा घेताना मी अगदी कावून म्हटलं, "अहो, ज्याचं तोंड बघायचं नाही म्हणून हा सगळा खटाटोप, त्याला पलीकडून काय दिसतं याची तुम्हाला काय पडलीय?"

साडूंनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "त्याच्या पलंगाला लागून खिडकी आहे रे. आईच्या खोलीतली. सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच दिसणार त्याला. एकटा असतो. उठल्या उठल्या काय खिळे बघायचे त्याने?"

मला एकदम या माणसाचा राग आला, आणि मायाही तितकीच आली. इतका जीव आहे तर दोन पावलं चालून जा ना, चार शब्द बोल ना, मिटव ना बाबा! पण तसं मी म्हणालो नाही. म्हटलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

कुंपण सापडलं ते मुलुंडमध्येच, त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एका मिस्त्रीकडे. त्यावर मी काही बोलणार नाही. मधे आडव्या पट्ट्या आणि त्यांच्या दोन्ही अंगांना उभ्या फळ्या. एक अलीकडून, पुढची पलीकडून, आणि प्रत्येक फळीची कड शेजारच्या फळीवर थोडी चढलेली. समोरून बघितलं तर काही दिसत नाही, पण फळ्यांच्या मधून वारा जातो. साडूंनी सवयीप्रमाणे वळसा घातला. मग उलटा घातला. मग लहान मुलासारखे मला हाक मारून म्हणाले, "अरे, इकडे ये! ह्याला मागची बाजूच नाही! दोन्हीकडून सारखंच!" त्या दिवशी त्यांनी मला चहाबरोबर बटाटेवडाही खिलवला आणि वडा उलटा करून बघितला नाही. झकास गेली संध्याकाळ.

खांब उभे राहिले, आडव्या पट्ट्या बसल्या, साडूंच्या बाजूच्या फळ्याही लागल्या. मग मिस्त्री घाम पुसत म्हणाला, "साहब, अब उस तरफ के तख्ते. वो तो उधर से ही लगेंगे. और उधर कोई पकड़नेवाला चाहिए." साडू म्हणाले, "इकडून हात घालून नाही होणार?" मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. इतक्या दुकानांत इतके वळसे घातले, पण दोन्ही बाजूंचं कुंपण दोन्ही बाजूंनीच ठोकावं लागतं हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. "तू जा," साडू मला म्हणाले, "आणि माझं नाव काढू नकोस."

बाळा दारातच उभा होता. सगळं ऐकलंच होतं त्याने. "काय रे, माझ्याकडून परवानगी हवी होय आता?" तो म्हणाला. "माझ्या तोंडावर फळ्या मारायच्या, आणि त्या मीच धरायच्या?" मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार? एवढं बोलूनही तो चपला घालून बाहेर आला, एक फळी उचलली, उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "याचं मागचं अंग कुठाय?" तेव्हा मला कळलं की ही खोड साडूंची एकट्याची नाही, घराण्याचीच आहे. मी म्हटलं, "नाहीये. म्हणून तर हे घेतलं. तुला खिडकीतून खिळे दिसू नयेत म्हणून तुझ्या भावाने माझे गुडघे संपवले. आता धर मुकाट्याने."

बाळाने फळी कुंपणाला लावली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली.

मिस्त्री त्या बाजूने ठोकायला लागला, तशी इकडून पट्टी हलू नये म्हणून साडू धरून उभे राहिले. दोघांच्या मधे एका फळीचं अंतर, आणि बघायला पेरूचं झाड नव्हतं. पहिल्या दोन-तीन फळ्या तशाच मुक्याने गेल्या. मग साडू कुणाकडेही न बघता म्हणाले, "वायच वर घे." एरवी दोघंही मुंबईचीच मराठी बोलतात; हे घरातलं, आईबरोबरचं मालवणी बोलणं कुठून आलं कोण जाणे. बाळाने फळी वर घेतली. "आता?" "आता बरा." मग "धर", "सोड", "बोट सांभाळ" असं सुरू झालं. एकेक फळी लागत होती, तसतसा पलीकडचा बाळा कमी कमी दिसत होता. आधी खांदा गेला, मग अर्धा चेहरा. आवाज तेवढा स्पष्ट येत होता, कारण मधून वारा जायला जागा होती ना. शेवटची फळी लागली आणि तो दिसेनासा झाला. मिस्त्री हातोडी पिशवीत टाकून हात धुवायला गेला. साडू तसेच कुंपणाला हात लावून उभे. मला वाटलं, झालं, संपलं. हवं होतं ते मिळालं यांना, आणि आता हे रडणार.

पलीकडून आवाज आला, "दादा."

"काय?"

"हयसून बरा दिसता हां."

साडूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पावसात फुगात ता," ते म्हणाले. "तेल लावूक होया. दोन्हीकडसून."

"माझ्या बाजूक मी लावतंय."

"तुका जमाचा नाय," साडू म्हणाले. "मी येतंय."

आणि गेले. ताईंच्या हातातला डबा वाटेत स्वतःच्या हातात घेऊन गेले.

आता ते दर रविवारी तेलाचा डबा आणि ब्रश घेऊन पलीकडे असतात. इतकं तेल कुठल्याच लाकडाला लागत नाही, हे मिस्त्रीनेही सांगून बघितलं. बिल्डरचा माणूस परत येऊन गेला. या वेळी दोघं भाऊ एका बाकावर बसून त्याच्याशी बोलले. सही आज ना उद्या होईल. बाळाला रात्री त्या घरात एकट्याला धडकी भरते, म्हणून बिल्डर बोलावला, हे त्याने कुंपणाआडून का होईना सांगितलं आणि साडूंनी ते ऐकलं. घर थकलंय, आम्ही सगळेच थकलोय. परवा गेलो होतो तेव्हा ते दोघं पलीकडच्या बाजूला शेजारी शेजारी बसून खालच्या फळ्या पुसत होते. मी म्हटलं, "साडूभाऊ, घर गेलं की ह्या कुंपणाचं काय करणार?" त्यांनी वर बघितलंही नाही. "पुढचं पुढे बघू रे," ते म्हणाले. "आत्ता तेल ओलं आहे. हात लावू नकोस."