रिकामी कुंडी

दिल्लीतल्या मयूर विहारच्या मावशी झाडाला पाणी न घालण्यात तरबेज होत्या. बाल्कनीतली तुळस, मोगरा, कढीपत्ता पोटभर पाणी पीत. कोपऱ्यातल्या मातीच्या कुंडीला मात्र उन्हाळाभर थेंब मिळत नसे. तिच्यात काही दिसतही नसे. शेजारच्या आंटी विचारत, "बहनजी, आपका पौधा मायके गया है क्या?" मावशी शांतपणे सांगत, "सो रहा है."

स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. मावशी मला जेवायला बोलवत, माझे इंग्रजी निबंध तपासत. हे उपकार फेडायचे कसे, याची मला काळजी असे. मे महिन्यात त्या पुण्याला लेकीकडे गेल्या आणि मला संधी मिळाली. आमच्या गावाकडे माती रिकामी ठेवत नाहीत. मी त्या कुंडीत लाल माठ पेरला आणि दोन्ही वेळा इमानेइतबारे पाणी घातलं.

परत आल्यावर मावशींनी ती तरारलेली भाजी पाहिली आणि माती उकरली. खाली पहाडातून आणलेले स्पायडर लिलीचे तीन कांदे होते. उन्हाळ्यात हे कांदे कोरडे झोपतात, शरदात आधी लाल फूल येतं आणि मग पानं. सहा वर्षं मावशी एका फुलाची वाट पाहत होत्या. दिवाळीनंतर तर त्या कायमच्या पुण्याला जाणार होत्या. दोन कांद्यांचा चिखल झाला होता. तिसरा त्यांनी दाबून पाहिला.

"हा घट्ट आहे. ह्याच्यावर आता उपकार करू नकोस."

रात्री मी त्या माठाची भाजी केली. लसूण जरा जास्त हवा होता, एवढंच म्हणाल्या.

नवरात्रात मातीतून नुसता दांडा वर आला आणि चार दिवसांत त्यावर कोळ्याच्या पायांसारख्या लांब तंतूंचं लालभडक फूल उमललं. आंटींनी विचारलं, "और पत्ते?"

"अगली मेट्रो से आ रहे हैं," मावशी म्हणाल्या. मग त्या फुलासमोर खुर्ची टाकून बसल्या. चहा गार झाला तरी उठल्या नाहीत.

जाताना कुंडी त्यांनी माझ्या हातात दिली. मी घाबरून म्हटलं, "मावशी, मला? लेकीकडेच न्या ना."

"ती रोज पाणी घालेल. तू एकदा चुकलायस, म्हणून तुला देते."

ती परीक्षा काही मी पास झालो नाही. आता फरीदाबादला नोकरी करतो. उन्हाळ्यात शेजारी कुंडी पाहून हसतात. "सो रहा है," मी सांगतो, आणि हातातला पाण्याचा मग मुकाट्याने तुळशीत रिकामा करतो.