हॅमरवाल्याचा टँगो

बोलता बोलता तो मध्येच उजव्या हाताचं बोट वर करायचा. दूध उतू जायच्या आधी बाई कशी पातेल्याकडे नजर लावून थांबते, तसा थांबायचा आणि म्हणायचा, "सांभळ." सांभळ म्हणजे गुजरातीत ऐक. चार पिढ्या बडोद्यात काढलेला मराठी माणूस. घरात मराठीच बोलायचा, पण गाण्याची गोष्ट निघाली की त्याच्या तोंडून हाच शब्द यायचा.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. नसेल तर माझ्याकडून घ्या. मी सातवी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहितोय.

बडोद्यातच गोरव्याला एका फोर्जिंगच्या कारखान्यात तो हॅमर चालवायचा आणि मी, लग्न करून महाराष्ट्रातून आलेला, मेंटेनन्सला फिटर होतो. तापून लाल झालेल्या लोखंडावर तीन टनाचा हॅमर दिवसभर पडायचा. पायाखालची जमीन हलायची, डब्यातल्या डाळीवर गोल गोल लाटा उठायच्या. त्या शेडमध्ये कोणाला कोणाचं ऐकू येत नसे. म्हणून आम्ही सगळे ओठ वाचायला शिकलो होतो. शिवीसुद्धा लांबून ओठांवर कळायची.

त्याचे आजोबा संस्थानच्या फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. त्यामुळे शेडमध्ये सगळे त्याला बँडवाला म्हणायचे. तो मला फिटर म्हणायचा. नावं आम्ही वापरलीच नाहीत, आता इथेही नको.

परदेशी माल बाजारात उघड मिळायला लागला, गच्चीगच्चीवर केबलच्या वायरी लोंबायला लागल्या, ती वर्षं. पगाराच्या दुसऱ्या दिवशी तो मांडवीच्या कॅसेटवाल्याकडे जायचा. आधी त्याला रॉकचं वेड होतं. लांब केसांची माणसं गिटार घेऊन कोकलतात ते. रविवारी दुपारी जेवण झालं की टेपरेकॉर्डर बगलेत मारून तो कारेलीबागेत आमच्या घरी यायचा, कारण त्याच्या घरी भाऊ-भावजयीला तो आवाज चालत नसे. स्वतः बिनलग्नाचा.

मी त्याला म्हटलं, आठवडाभर हॅमर ऐकून पोट भरत नाही का तुझं?

तो म्हणाला, "हॅमरला ताल आहे, फिटर. पण त्याला सम नाही. तो कुठे पोचतच नाही."

मला काही कळलं नाही. माझ्या बायकोला कळलं. मेथी निवडता निवडता ती ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "भावजी, हा पोरगा चिडलेला नाही. घाबरलाय." तो चटकन टेप थांबवायचा, तेवढा भाग मागे नेऊन परत लावायचा आणि हसायचा. मी खाटेवर पडून घोरायचो. उन्हाळ्यात आम्ही खिडकीला ओली चादर लावायचो. तिच्यातून येणारा उजेड हिरवट व्हायचा, पंखा फिरायचा, मेथीचा वास यायचा, आणि त्या सगळ्यातून ती दूरदेशची गाणी पाण्याखालून आल्यासारखी यायची. त्या दुपारी मी झोपेत घालवल्या, याचं आता वाईट वाटतं.

रॉकनंतर काही दिवस त्याला काळ्या लोकांच्या रडक्या गाण्यांनी धरलं, मग कुठल्याशा अरबी गाण्यांनी. टँगो, म्हणजे तिकडचं जोडीने नाचायचं गाणं, आला तो मशिनीबरोबर. कारखान्यात परदेशातून नवीन प्रेस आली आणि ती बसवायला एक गोरा इंजिनिअर आला. त्याच्या खिशात एक कॅसेट असायची. आमच्या बँडवाल्याने बोटांनी टेबलावर ठेका धरून त्याच्याशी दोस्ती केली. भाषा दोघांनाही एकमेकांची येत नव्हती. जाताना इंजिनिअरने किलोभर लीला चिवडा नेला आणि कॅसेट ठेवून गेला. विमानात त्या बटाट्याच्या ओल्या चिवड्याचं काय झालं असेल, देव जाणे.

त्या रविवारी बायकोने मेथी बाजूला ठेवली. पेटीसारखं काहीतरी वाजत होतं, पण आपल्या पेटीला दमा झाल्यासारखं. तिने गाणं संपू दिलं. मग म्हणाली, "हा माणूस भांडून गेला होता. परत आलाय, दारात उभा आहे, पण कडी वाजवत नाही."

बँडवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी उठून चहा मागितला. मी तसलाच.

आता जे सांगायचं ते सांगतो.

शेडमध्ये तो कानात कापसाचे बोळे घालायचा. कान जपायचा, दुसरं काय. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर मी म्हणालो, "अरे, कापूस मेल्यावर घालतात. तुला एवढी घाई कसली?" सगळे हसले. आमच्यात मढ्याच्या नाकाकानात कापूस घालतात, तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या दिवसापासून तो कापसाला अत्तर लावून आणायला लागला, म्हणजे शौक म्हणून फाया ठेवलाय असं दिसावं. त्यावरही मी बोललो. म्हणालो, नवरदेव आला. परत हशा झाला. त्यानंतर त्याचे कान उघडेच राहिले.

पाच-सहा वर्षं गेली. त्याला ऐकू येईनासं झालंय हे कोणाला कळलंच नाही, कारण हॅमरवाला ओठांवरून सगळं ओळखतो. कळलं ते माझ्या बायकोला. एका रविवारी कॅसेट अडकून नुसती घर्रघर्र चालली होती आणि हा डोळे मिटून मान डोलावत होता. तिने त्याच्या गुडघ्याला हात लावला. त्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. चोरी पकडल्यावर माणूस घालतो तशी.

डॉक्टरने सांगितलं, आतली नस गेली, आता यंत्राचाही उपयोग नाही.

मला वाटलं आता रविवार बंद. पण पुढच्या रविवारी तो आला. टेप लावला, बायकोसमोर बसला आणि म्हणाला, "वहिनी, सांगा." आणि ती सांगायला लागली. सावकाश, ओठ नीट हलवून. आता वाऱ्याने पडदा आत आला. आता दोघं एकाच जिन्यावर आहेत, एक चढतोय, एक उतरतोय. त्याचे डोळे तिच्या ओठांवर. कोणी परक्याने पाहिलं असतं तर काय समजला असता कोण जाणे. मी खाटेवर पडायचो, पण घोरणं बंद झालं होतं.

एकदा त्याला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, त्या कापसाचं माझ्या डोक्यातून जात नाही. त्याने माझ्या ओठांकडे बघितलं आणि म्हणाला, "तीन टनाचा हॅमर होता, फिटर. कापूस काय करणार?" मग बस येईपर्यंत दुसरीकडे बघत राहिला. त्याने माफ केलं की नाही, मला आजही सांगता यायचं नाही.

मग माझी बायको गेली. तीन दिवसांचा ताप आणि खेळ खलास. दिवसकार्य होईपर्यंत तो रोज येऊन भिंतीशी बसला. टेप आणला नाही. महिना झाल्यावर एका रविवारी आणला. तिच्या जागेकडे बघितलं नाही. माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "सांग."

म्हटलं, मला काय कळतंय यातलं? तो म्हणाला, कळेल ते सांग. मग मी सांगितलं. पट्टा घसरतोय. आता कोणीतरी नट आवळतोय, पण आटे गेलेत. आता मशीन बंद केलंय, तरी चाक फिरतंय. तो हसायचा नाही. मान हलवायचा, परत विचारायचा, किती वेळ फिरतंय? मी खरंच कान देऊन ऐकायचो, ते चाक कधी थांबतंय म्हणून. साठी उलटल्यावर मी गाणं ऐकायला शिकलो, तेही बहिऱ्याकडून.

असं दीड वर्ष चाललं. पुढच्या थंडीत तोही गेला, झोपेतच. त्याच्या भावाने टेप आणि कॅसेटी कोणाला दिल्या, मी विचारलं नाही. पण तो जायच्या आधीचा एक रविवार सांगायचा राहिला.

मांडवीचा कॅसेटवाला धंदा बंद करून मोबाइलची कव्हरं विकायला लागला होता. बँडवाल्याने त्याच्या मागे लागून, कुठून तरी शेवटची एक टँगोची कॅसेट भरून घेतली होती. दोन महिने वाट पाहिली होती तिची. मी ती लावली. नुसती खरखर. पुढे नेली, तरी खरखर. त्या माणसाने कोरीच कॅसेट दिली होती.

बँडवाला माझ्या तोंडाकडे बघत होता. नवीन धोतर मिळालेल्या म्हाताऱ्यासारखा चेहरा. मला सांगवेना.

मी म्हटलं, कोणीतरी येतंय. सावकाश. स्टेशनवरून चालत. हातात पत्र्याची ट्रंक आहे, ती गुडघ्याला लागतेय. चपलेचा अंगठा तुटलाय म्हणून डावा पाय ओढतेय. गाव नवीन आहे, भाषा कळत नाही. पुढे नवरा चाललाय, तो मागे वळून बघत नाहीये, गाढव आहे.

तो म्हणाला, "मग?"

मग ती थांबली, मी म्हटलं. न्यायमंदिराच्या समोर, तलावाच्या काठाशी. ट्रंक खाली ठेवली. पाण्यात दिवे पडलेत ते बघतेय. नवरा बराच पुढे गेला. आता त्याला कळलं की मागे कोणी नाही. आता तो परत येतोय.

एवढं बोलून मी थांबलो. खाली बघितलं तेव्हा दिसलं, त्याचा उजवा पंजा टेपरेकॉर्डरच्या जाळीवर सपाट टेकलेला होता. पहिल्यापासून तिथेच असणार. आत गाणं असलं की ती जाळी थरथरते, नसलं की थंड पत्रा. चाळीस वर्षं हॅमरवर काढलेल्या हाताला हे काय मी सांगायचं?

त्याने हात काढला नाही. माझा चेहरा दिसावा म्हणून जरा पुढे सरकला.

"फिटर," तो म्हणाला, "दुसरी बाजू लाव."