मेक सोमची बाटली

मेक सोमचा हजचा नंबर लागला, तेव्हा तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. दोघांनी जोडीनं नाव घातलं होतं. वाट बघता बघता एक जण मातीआड गेला. "त्याच्या वाटची दुवाही मलाच मागायची आहे, याह," हे ती मला रोज ऐकवायची. मी याह, तिची शेजारीण, माझी कॉफीची टपरी तिच्या चुलीला लागून. तिच्या हातच्या आकोकला, त्या गोड केकला, आमच्या तुम्पात गावात तोड नाही. बदकाची अंडी, नारळाचं दूध, ताडाचा गूळ, आणि खाली-वर नारळाच्या सोडणांचा विस्तव. हेच गोड चाखता चाखता बाईला मधुमेह जडला.

जाण्याआधी तपासणी आली. डोळ्याच्या पडद्याचा फोटो, मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि लघवीतलं प्रथिन हे सगळं एकत्र बघून मूत्रपिंडं पुढे किती टिकतील याचा अंदाज दवाखान्यात आता सांगायचे. अंदाज वाईट निघाला तर विमानात बसवणार नाहीत, असं सोमनं मनाशी धरलं. डोळा बदलता येत नाही, लघवीची बाटली बदलता येते. तिनं ती रिकामीच लेकीच्या हातात दिली.

याती चोवीस वर्षांची, आईच्याच चुलीवर काम करणारी, दिवसभर गोड गार चहा ढोसणारी.

"मा, तुझ्याऐवजी हजला जाऊन सैतानाला खडेही मीच मारून येऊ का?"

"जीभ आवर. भर आधी."

दवाखान्याच्या वाटेत हे कळलं तेव्हा मी सोमला गाढव म्हटलं. ती ऐकते कुठे!

पुढच्या आठवड्यात दवाखान्यातल्या डॉक्टर इझानीनं सोमला बोलावलं, मीही सोबत गेले. डॉक्टर पोरगी गोंधळलेली दिसली. "माक चिक," ती सोमला म्हणाली, "तुमचा डोळ्याचा पडदा छान आहे. सोनोग्राफीही चांगली आहे. पण लघवीत एवढं प्रथिन? आणि साखर? हे खरं असेल तर मूत्रपिंडं थोड्याच वर्षांत हात टेकतील. पुन्हा तपासू या."

सोम एकदम खुर्चीवरून उठली. हजचं बुडालं म्हणून असेल, असं मला वाटलं. तेवढ्यात तिनं माझं मनगट आवळलं.

"याह, ते माझं नाही गं!"

म्हणजे ते यातीचं. डॉक्टरला सगळं सांगावं लागलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

यातीला बोलावून घेतलं. हनुवटी टेकवून तिच्या डोळ्याचा फोटो काढला. डोळ्याच्या पडद्यावर साखरेचे लाल ठिपके विखुरले होते, मला अडाणी बाईलाही दिसले.

"मा, मक्का दिसतेय का माझ्या डोळ्यात?" यातीनं विचारलं.

सोमनं डॉक्टरच्या टेबलाची कड धरली. "डॉक्टर, बाटलीवर नाव माझं आहे ना? मग माझंच राहू दे. मी नाही जात हजला. तो आजार माझ्या नावावर लिही, बाळ. तुझ्या पाया पडते."

डॉक्टरनं खाली मान घातली, नवी बाटली काढली आणि तिच्यावर यातीचं नाव लिहिलं.