सासऱ्यांचा आयत्या वेळचा विषय

अख्ख्या डहाणू-तलासरी पट्ट्यात माझ्या सासऱ्यांइतका तयारीनं बोलणारा माणूस दुसरा सापडणार नाही. काही माणसं बोलून झाल्यावर विचार करतात, काही आधी विचार करून मग बोलतात. माझे सासरे आधी विचार करतात, मग वाक्य जुळवतात, मग नरपडच्या आपल्या चिकूच्या वाडीत जाऊन ते झाडांना म्हणून दाखवतात, एखादा शब्द खटकला तर बदलतात, आणि एवढं सगळं झाल्यावर घरात येऊन सासूबाईंना विचारतात, "चहा टाकतेस का?" तोवर सासूबाईंचा चहा पिऊन कप धुऊन पालथा घातलेला असतो.

लग्नाआधी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा सांगितलेल्या वेळेच्या बराच आधी पोहोचलो. फाटकातून आत शिरतोय तो वाडीतून आवाज आला, "यावं, यावं. आमचं घर साधं आहे, पण माणसं मनानं मोठी आहेत." मला वाटलं माझ्याआधी दुसराच कुणी मुलगा येऊन बसलाय. मी परत फिरणार होतो. तेवढ्यात सासरे झाडांमधून बाहेर आले, मला पाहून दचकले, आणि "माणसं मनानं मोठी आहेत" हे वाक्य गडबडीत पहिल्यांदा म्हणून बसले. मग "यावं, यावं" म्हणाले. क्रम चुकल्याचं दुःख त्यांना त्या दिवशी संध्याकाळपर्यंत होतं. लग्न ठरल्याचा आनंद त्यांनी दुसऱ्या दिवशी, नीट तयारी करून, व्यक्त केला.

नोकरी त्यांनी तलासरीच्या एका सरकारी कार्यालयात केली. साहेबांकडे रजा मागायची असली की एसटीत बसल्यापासून पुटपुटणं सुरू. "साहेब, घरगुती कारणामुळे मला परवा येणं शक्य होणार नाही." हे इतक्या कळवळ्यानं, इतक्या वेळा चाले की एकदा शेजारच्या सीटवरचे अनोळखी गृहस्थ म्हणाले, "घ्या हो तुम्ही रजा. काय कार्यालय बंद पडतंय?" सासऱ्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी साहेबांकडे रजा मागितलीच नाही, आणि परवा गेलेही नाहीत.

पण कळस झाला तो चिखल्याच्या त्यांच्या मित्राच्या बाबतीत. मित्र फार आजारी होता, डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून घेतलं होतं. सासऱ्यांनी वाडीत जाऊन शोकसभेचं भाषण तयार केलं. असं भाषण की चिकूसुद्धा वेळेआधी गळून पडावेत. आणि मित्र खडखडीत बरा झाला. सासऱ्यांना आनंद झालाच, पण एवढी तयारी फुकट गेल्याची हुरहूरही लागून राहिली. पुढे त्याच मित्राच्या पंचाहत्तरीला त्यांनी ते भाषण क्रियापदं बदलून करून टाकलं. बहुतेक सगळी बदलली होती. एक राहून गेलं. "असा दिलदार माणूस आपल्यात होता," असं म्हणून ते थांबले, तेव्हा समोर हार घालून बसलेला मित्र डोळे पुसत होता. नंतर तो सगळ्यांना सांगत सुटला, की जिवंतपणी हे ऐकायला मिळालं, आजारपण वसूल झालं.

अशा माणसाला डहाणूच्या वक्तृत्व मंडळात मी नेलं नसतं तरच नवल. मंडळ म्हणजे फार मोठं काही नाही. दर शनिवारी संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात आम्ही काही माणसं जमतो. क्लास घेणाऱ्या एक मॅडम अध्यक्ष आहेत, तलासरीच्या दवाखान्यातल्या एक सिस्टर येतात, आणि चिकूचे एक व्यापारी येतात, ज्यांचं मराठी बोलता बोलता केव्हा गुजरातीत शिरतं आणि केव्हा परत येतं ते त्यांनाही कळत नाही. प्रत्येकानं तयार केलेलं भाषण करायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, वेळ संपली की मॅडम टेबलावरची घंटी वाजवतात. सासरे तिथे पाण्यातल्या माशासारखे रमले. त्यांचं भाषण कधीही घंटीच्या पुढे गेलं नाही, मागेही राहिलं नाही. "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो" आणि घंटी एकदमच यायची.

फक्त एका गोष्टीचं त्यांना भय होतं. शेवटी 'आयत्या वेळचा विषय' असतो. स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी उचलायची आणि त्यावरच्या विषयावर लगेच उभं राहून बोलायचं. डबा दिसला की सासऱ्यांना तहान लागायची. ते मागच्या दारानं पाणी प्यायला जात आणि टाळ्यांचा आवाज थांबला की परत येत. नळ शाळेच्या वऱ्हांड्यातच होता, पण त्यांना जायला यायला जो वेळ लागे त्यात माणूस समुद्रावर जाऊन आला असता.

गेल्या हिवाळ्यात सासूबाईंच्या काखेजवळ गाठ लागली. त्यांनी ती बरेच दिवस कुणाला सांगितलीच नव्हती. बायकोनं कळल्याबरोबर त्यांना डॉक्टरांकडे नेलं, तुकडा तपासायला गेला, आणि रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी मिळेल असं सांगितलं गेलं. मधले दिवस आम्ही नरपडलाच राहिलो. सासूबाई नेहमीसारख्या वावरत होत्या. भात, आमटी, झाडलोट, शेजारणीशी गप्पा. सासरे मात्र वाडीत.

एका दुपारी त्यांना जेवायला बोलवायला गेलो आणि झाडाआडच थांबलो. ते म्हणत होते, "हे बघ, घाबरण्यासारखं काही नाही. मुंबईला चांगले डॉक्टर आहेत. आपण दोघं जाऊ. तू खिडकीजवळ बस, तुला गाडी लागते. मी आहे." इथे आवाज फाटायचा. ते खाकरायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. घाबरण्यासारखं काही नाही. मुंबईला चांगले डॉक्टर आहेत. पुन्हा "मी आहे"पाशी अडायचं. एरवी जो माणूस एका दुपारी अख्खं भाषण बसवतो, त्याला ते दोन शब्द बसत नव्हते.

मी पुढे होऊन हळूच विचारलं, रिपोर्ट चांगला आला तर काय म्हणायचं ठरवलंय. ते म्हणाले, "त्याला तयारी कशाला लागते?"

शनिवारी दुपारी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज तुमचं ते मंडळ असतं ना? ह्यांना घेऊन जा."

मी म्हटलं, आज कसं जाणार, रिपोर्ट यायचाय.

"म्हणूनच न्या," त्या म्हणाल्या. "वाडी काय लांब आहे का? मला सगळं ऐकू येतं. तीन दिवस ऐकतेय. आता नाही ऐकवत."

सासरे यायला तयार नव्हते. पण सासूबाई "जा" म्हणाल्या की त्याच्यावर त्यांचं उत्तर कधीच तयार नसतं. बायको आईपाशी थांबली. रिपोर्ट तिच्या फोनवर येणार होता. तो डॉक्टरांना दाखवून ती मला फोन करणार होती. मी स्कूटरवर सासऱ्यांना मागे बसवून डहाणूला आलो. वाटेत ते पुटपुटलेसुद्धा नाहीत.

त्या संध्याकाळी कोण कशावर बोललं ते मला आठवत नाही. मी फोन हातात धरून बसलो होतो आणि सासरे फळ्याकडे बघत होते. मॅडमनी डबा काढला, खुळखुळवला, आणि सासरे उठलेच नाहीत. तहान लागायचं ते विसरले होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते हाताशी लागले म्हटल्यावर मॅडम सोडतात कशाला. डबा त्यांच्यापुढे आला. त्यांनी चिठ्ठी उचलली, चालत फळ्यापाशी गेले, चिठ्ठी उघडली आणि वाचली.

"छत्री," ते म्हणाले.

मग काही नाही. "छत्री," ते पुन्हा म्हणाले, आणि त्याच वेळी माझ्या हातातला फोन थरथरला.

मी वऱ्हांड्यात पळालो. पलीकडून बायकोचं नुसतं रडणं ऐकू आलं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. मग ती म्हणाली, "गाठ साधी आहे. चरबीची. डॉक्टर म्हणाले, विसरून जा. बाबांना सांग ना, लगेच सांग."

मी आत आलो तेव्हा सासरे तसेच उभे होते. समोरच्या कुणाकडेही त्यांचं लक्ष नव्हतं, ते दाराकडे बघत होते. त्यांना खुणेनं सांगावं असं मनात आलं, पण मान हलवली तर तिचा अर्थ काहीही होईल अशी भीती वाटली. शेवटी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणालो, "साधी आहे, बाबा. काही नाहीये."

चिकूच्या व्यापाऱ्यांना वाटलं, मी छत्रीबद्दल सांगतोय. ते मदतीला धावले. "हां, साधीच घ्या ना. फोल्डिंगवाली घेऊ नका, ते बोलायला जरा कठीण पडेल."

सासऱ्यांनी टेबलाची कड धरली. आणि बोलायला लागले. ते जे बोलले त्याला भाषण म्हणता येणार नाही. त्याला सुरुवात नव्हती, मुद्दे नव्हते. आमच्या हिच्याकडे छत्री असते, म्हणाले, पण ही कधी कोरडी घरी आलेली मी बघितली नाही. बाजारात जाते, कुणीतरी भिजताना दिसतं, छत्री देऊन येते. झाईच्या जत्रेत एकदा अनोळखी बाईला दिली. मी रागावायचो. लग्नापासून रागावतोय, आणि रागवायचं काय ते वाडीत ठरवून यायचो, पण ही निथळत दारात उभी राहिली की सगळं विसरायचो, म्हणून मग काहीच बोलायचो नाही, टॉवेल द्यायचो. मॅडमची घंटी वाजली. त्यांना ऐकू गेली नाही. मॅडमनी ती पुन्हा वाजवली नाही. ते हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि दोन्हीपैकी एकही पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "मी तिला कधी म्हटलं नाही," ते म्हणाले, "की तू, म्हणजे मी, आता ती घरी आहे. मी जातो."

आणि गेले. आभार नाहीत, दोन शब्द संपवणं नाही. वर्गाबाहेर जाऊन दुसऱ्याच कुणाच्या तरी स्कूटरवर जाऊन बसले.

आत कुणाला काही कळलं नव्हतं. सिस्टरना मात्र "साधी" म्हणजे काय ते बहुधा तेव्हाच कळलं असावं. त्या कुणाला काही न विचारता पाण्याची बाटली घेऊन बाहेर गेल्या, सासऱ्यांना पाणी पाजलं, त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी मॅडमना काय झालं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग अध्यक्षांना काहीतरी मत द्यावंच लागतं म्हणून म्हणाल्या, "समारोप हवा होता. पण चालेल."

नरपडला पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. सासूबाई पडवीत झोपाळ्यावर बसल्या होत्या, शेजारी बायको. सासरे पायरीपाशी थांबले. आम्ही दोघं नवरा-बायको श्वास रोखून बघत होतो. ते बराच वेळ सासूबाईंकडे बघत राहिले आणि म्हणाले, "भूक लागलीय."

"हातपाय धुऊन घ्या," सासूबाई म्हणाल्या. "वाढतेच."

त्या दिवशी सासरे भरपूर जेवले. खूप दिवसांनी सगळेच भरपूर जेवलो. वाढता वाढता सासूबाईंनी मला विचारलं, आज कशावर बोलले हे. मी सांगितलं, छत्रीवर. त्या म्हणाल्या, त्यात बोलण्यासारखं काय असतं. सासरे ताटाकडे बघत भात कालवत राहिले. सांगून टाकावं असं मला फार वाटलं, पण ते सांगणं माझं नव्हतं.

जेवणं झाल्यावर आम्ही डहाणूला परत निघालो. समुद्राच्या बाजूनं गार वारा येत होता, रस्त्यावर कुणी नव्हतं. बायकोनं मागून डोकं माझ्या पाठीवर टेकलं. मला तिला काहीतरी सांगावंसं वाटलं. पण त्या घरात मीही इतकी वर्षं जावई आहे. वाक्य जुळेपर्यंत आमचं घर आलं होतं.