वळणावरचा फोटोवाला

आमच्या मामांनी जितकी मेलेली माणसं पाहिली तितकी जवळा बाजारच्या आसपास कुणी पाहिली नसतील, आणि जिवंत माणसांवर त्यांच्याइतकं चिडणारंही दुसरं कुणी नसेल. बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्न, बारसं, शाळेच्या फॉर्मवरचा फोटो ही कामं होतीच. पण औंढ्याच्या रस्त्यावर अपघात झाला की पंचनाम्याच्या फोटोसाठी पोलीस मामांनाच घेऊन जायचे. नव्वदच्या दशकात काळ्यापिवळ्या जीपा वाढल्या आणि हे काम लग्नांपेक्षा जास्त झालं. आत माणसं कोंबलेली, टपावर माणसं, मागं लोंबकळणारी माणसं, आणि ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर बसून गाडी हाणणारा. अशा जीपमध्ये मामा मेले तरी बसत नसत. मेव्हण्याच्या लग्नाला पायी निघाले आणि पोचले तेव्हा वऱ्हाड जेवून झोपलं होतं. एस.टी.त बसले तर ड्रायव्हरच्या मागचा दांडा धरून उभे राहायचे आणि दर फाट्याला म्हणायचे, "सावकाश बाबा, लेकरं हायेत गाडीत." गाडीत एकही लेकरू नसलं तरी. एका ड्रायव्हरनं वैतागून त्यांना माळावर उतरवून दिलं, तर खाली उभं राहूनही हात हलवत "सावकाश जा" म्हणालेच.

एकदा ओढ्याजवळच्या वळणावर जीप उलटली. मामा फोटो काढायला गेले. पोलिसांनी चादर बाजूला केली तेव्हा दिसलेल्या पोरीचा शाळेचा फोटो त्यांनी त्याच आठवड्यात काढला होता. फोटो न्यायला ती अजून यायची होती. घरी आल्यावर मामा जेवले नाहीत. मामींना एवढंच म्हणाले, "मरायच्या आधी काढायला पाह्यजे फोटो. मेल्यावर काढून काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी स्टुडिओ मामींच्या गळ्यात टाकून मामा कॅमेरा घेऊन त्या वळणावर जाऊन उभे राहिले. जीप बेफाम आली की समोरून फोटो. तो धुऊन ड्रायव्हरच्या घरी जायचे आणि त्याच्या आईच्या हातात द्यायचे. "मावशी, जपून ठेवा. पुढं हार घालायला चांगला फोटो लागतो." शिव्या तर रोजच्याच. एका घरी अंगावर शेणाच्या पाण्याची बादली आली, तर मामांनी आधी फोटो भिजला का ते पाहिलं. पण एका बाईनं तो फोटो पाहून जीपची किल्ली पदराच्या गाठीत बांधली, आणि तिचा मिशावाला पोरगा "माय, दे ना किल्ली" करत आठवडाभर तिच्यामागून विहिरीपर्यंत फिरला. हळूहळू वळणावर गाड्या खरंच दबकून यायला लागल्या. कॅमेरा दिसला की टपावरचे लोक भांग नीट करायचे. मामांना त्याचा भयंकर राग यायचा.

शंकर नावाचा ड्रायव्हर मात्र दबला नाही. त्याच्या आईनं फोटो पाहून अन्न सोडलं. दुसऱ्या दिवशी त्यानं वळणावर जीप थांबवली, मामांच्या हातातला कॅमेरा हिसकावला आणि मैलाच्या दगडावर आपटला. "काहून माझ्या मायला रडवून राहिले तुमी?"

मामा खाली बसून काचा वेचत म्हणाले, "आज रडली, बरं झालं. एवढ्यावरच निभावू दे, बाबा."

मामींनी नवा कॅमेरा घेऊ दिला नाही. वळण मोकळं झालं, गाड्या पुन्हा पहिल्यासारख्या सुटल्या. दिवाळीच्या आधी तिथंच शंकरची जीप ओढ्यात गेली. बाजार करून परतणारे नवरा-बायको जागीच संपले. शंकर वाचला. पोलीस सवयीनं मामांकडे आले. "कॅमेरा न्हाई," मामा म्हणाले, तरी गेले. त्या बाईचं लुगडं त्यांनी सारखं केलं, आपला पंचा फाडून दोघांची तोंडं झाकली, आणि रस्त्याकडेला बसलेल्या शंकरजवळ जाऊन बसले.

"काका, त्या दिवशी तुमी..."

"आता बोलू नको. पाणी पी."

पोलीस त्याला घेऊन जाईपर्यंत मामा हलले नाहीत. मग तडक त्याच्या घरी गेले. दारात मामांना पाहताच त्याच्या आईनं किंकाळी फोडली. मामा बाहेरूनच ओरडले, "जिता हाय, मावशी! जिता हाय!"

त्यानंतर मेलेल्या माणसांचे फोटो त्यांनी काढले नाहीत. पुढं मामींनी कॅमेरा घेऊ दिला, पण जिवंतांचेही फार काढले नाहीत. स्टुडिओत पुढं मामेभावानं मोबाइलचं दुकान टाकलं.

बऱ्याच वर्षांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी मामांना पुण्याला आणलं. पट्टी निघाल्यावर चौकात उभे होतो, तर खांबावरच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "ते काय हाय?"

मी सांगितलं. सिग्नल तोडणाऱ्याचा, जोरात हाणणाऱ्याचा फोटो काढतो.

मामा मान वर करून कितीतरी वेळ पाहत राहिले. "त्याला कुणी मारत न्हाई?"

"उंचावर आहे, मामा."

"आन् फोटो कुणाला देतो?"

"गाडी ज्याच्या नावावर असेल, त्याच्या घरी दंडाचा कागद जातो."

नव्या डोळ्याला ऊन सोसत नव्हतं, तो त्यांनी रुमालानं टिपला. "मायच्या हातात द्यायला पाह्यजे," ते पुटपुटले. पायी जाणाऱ्यांचा हिरवा दिवा लागला. मामांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि आम्ही सावकाश रस्ता ओलांडला.